उघड सांगितलेली बोली

साठ वर्षे सुईला वाहून घेतलेल्या लल्ला खदूज यांनी एकच कापड असे भरले होते, की जे विकायचे नव्हते. आणि नेमके तेच आता विक्रीला निघाले होते.

हातभर रुंद आणि दोन हात लांब असे ते जाडसर पांढरे सुती कापड. त्यावर गडद निळ्या रेशमाने एकाखाली एक किनारी भरलेल्या. फेस नगरीच्या भरतकामात जितक्या किनारी लल्ला खदूज यांना आपल्या गुरूकडून मिळाल्या, तितक्या साऱ्या त्यावर होत्या, प्रत्येकी वीतभर. उलटी आणि सुलटी बाजू अगदी एकसारखी, गाठ कोठेही नाही. नवी शिष्या आली म्हणजे तिच्या हाती प्रथम सुई येत नसे. तिला त्या कापडापुढे बसवून मुअल्लमा, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, एवढेच म्हणत, "वाच." एकही अक्षर नसलेले ते कापड मुली बोटांच्या टोकांनी वाचीत. बतूल नऊ वर्षांची असताना तिनेही ते असेच वाचले होते.

लल्ला खदूज गेल्या तेव्हा नातवंडांनी घर रिकामे केले. गाठोडी तराजूत घालून वजनावर दिली, आणि त्यांतल्या एका गाठोड्यात ते कापड गेले. या गोष्टीला वीस वर्षे होऊन गेली. आज बतूल चोपन्न वर्षांची होती, स्वतः मुअल्लमा होती. ऐन अझलितन भागातल्या तिच्या घरी माडीवर पाच बायका भरतकामाला बसत. त्या पाच जणींना मिळून जेवढ्या किनारी येत, त्याहून अकरा किनारी लल्ला खदूज यांना अधिक येत असत. त्या अकरांची नावे तेवढी उरली होती. एखाद्या वधूची आई येऊन म्हणे, "उशांना सुरूच्या झाडांची किनार हवी," आणि बतूलला सांगावे लागे, "ती आता होत नाही." हे वाक्य तिने जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा ते तिला आपल्या गुरूच्या मुखावर मारल्यासारखे वाटले होते.

रमदानच्या पाचव्या दिवशी दुपारी बतूल खाली दारापाशी उजेडात भरत बसली असताना रहीमोने आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. रहीमो चाळिशीची, विधवा, हाताने जलद आणि तोंडाने त्याहून जलद. मानाच्या बाईला म्हणतात तसे ती बतूललाही 'लल्ला' म्हणे.

"लल्ला, हे बघा. टेबलावरचं आच्छादन, पौर्वात्य, डाग असलेलं, असं लिहिलंय. मला मेलीला ते आच्छादन वाटत नाही."

बतूलने चष्मा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"खाली डावीकडे बघ. सुरूच्या किनारीत एक झाड बुटकं आहे?"

"आहे की!"

"ते माझं. मुअल्लमांनी उसवू दिलं नाही. म्हणाल्या, राहू दे, जन्मभर तुला दिसू दे." तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला. "कुठे आहे हे?"

ते फ्रान्समधल्या कोण्या गावी होते. तेथील एका लिलावगृहाने ते ऑनलाइन विक्रीस मांडले होते. मुदत सात दिवसांची. मुदत संपेल त्या क्षणी ज्याची बोली सर्वांत उंच, त्याचे कापड.

"म्हणजे पुन्हा तो," रहीमो म्हणाली.

तो म्हणजे सी अब्दन्नबी. तलअच्या चढावर त्याचे दुकान होते, दर्शनी बाजूला सगळी काच. जुने भरतकाम तो असेच परदेशी लिलावांतून परत आणी आणि कात्रीने त्याचे तुकडे करी. प्रत्येक तुकडा चौकटीत, काचेमागे. प्रवाशांच्या निवासांना अशा चौकटी फार आवडत. गेल्या हिवाळ्यात वधूच्या उशीचा एक अभ्रा त्याने मिळवला आणि त्याच्या सहा चौकटी केल्या. त्यांतली एक कोण्या निवासाच्या न्हाणीघरात आरशाशेजारी टांगलेली तेथे खोल्या झाडणाऱ्या एका शेजारणीने स्वतः पाहिली होती.

त्याची रीत बतूलला दोन पराभवांनी शिकवली होती. सात दिवसांच्या लिलावात तो सहा दिवस, तेवीस तास आणि एकोणसाठ मिनिटे मौन पाळी. शेवटची चार सेकंदे उरली की त्याची बोली येऊन पडे आणि दुसऱ्या कोणास तोंड उघडण्यास अवकाश राहत नसे. हे करण्यासाठी तो स्वतः जागचा हलतही नसे. त्याने एक यंत्रणा नेमली होती. तिला आकडा आगाऊ सांगून ठेवायचा, उरलेले ती करी. पहिल्या वेळी बतूलने आठवडाभर थोडी थोडी बोली वाढवली होती. त्याने तिची उंची मापून घेतली आणि शेवटच्या क्षणी तिच्या डोक्यावरून पाऊल टाकले. दुसऱ्या वेळी, जुन्या पडद्याच्या लिलावात, ती शेवटपर्यंत थांबली आणि चार सेकंदे उरता तिने कळ दाबली. तेव्हा कळले की कळ दोनदा दाबावी लागते, एकदा आकडा सांगण्यासाठी आणि एकदा तो पक्का करण्यासाठी. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत दार मिटले होते.

"या खेपेला आपण सहा सेकंदांवर दाबू," रहीमो म्हणाली. "अगदी चोरासारखं. त्याला वासही लागता कामा नये."

उंबऱ्यावर बसलेल्या वृद्धाने खाकरून मान वर केली. ते बा जिलाली, शेजारी राहणारे. चपलांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षे दलाली केली होती. तेथला दलाल म्हणजे विकणाऱ्याचा माल हातांवर घेऊन दुकानादुकानापुढून चढती बोली पुकारीत फिरणारा माणूस. त्यांचा आवाज आता फाटला होता, पण मत शाबूत होते.

"याला बोली म्हणता तुम्ही? भिंतीआडून दगड मारून पळणं आहे हे. आमच्या बाजारात बोली लावणाऱ्याचं तोंड दिसायचं. घ्यायचं तर तोंड दाखवून घ्या."

"मग काय करू, बा?" बतूल म्हणाली. "पहिल्याच दिवशी आकडा लावून बसू? तो त्यावर एक पायरी चढेल आणि मोकळा होईल."

"ते तू बघ, पोरी. मला एवढंच सांग, तूही भिंतीआडूनच मारणार असशील, तर त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय?"

बतूलची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. या वृद्धाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे असते तर तिने उडवून लावले असते. पण लल्ला खदूज यांच्या घरी उलटी बाजू लपवण्याची सोय कोणालाच नव्हती. जे वर, तेच खाली, हा त्या भरतकामाचा पहिला नियम होता, आणि तो नियम तिने केवळ कापडापुरता कधी मानला नव्हता.

"रहीमो, सगळं मिळून किती होतील?"

"ईदच्या कपड्यांचे धरून? नऊशे सत्तर युरो. त्यापुढे माझं कार्डच नाही म्हणेल."

"मग फरक सांगते, बा. मी त्याला आधी सांगून मारीन. वेळही सांगीन आणि आकडाही."

"लल्ला!" रहीमो उभीच राहिली. "उपास डोक्यात गेलाय का तुमच्या? तो नऊशे ऐंशी लावील आणि संध्याकाळी उपास सोडताना हसत हरीऱ्याचं कढण पिईल!"

"लावू दे. पण कापड गेलं तर माझ्या तोंडावरून जाईल, पाठीमागून नाही."

दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर ती तलअचा चढ चढून गेली. उपासाची ती उतरती वेळ. शेजारचा किटल्यांचा व्यापारी सी मफद्दल आपल्या तांब्याच्या मालामध्ये बसून डुलक्या घेत होता. सी अब्दन्नबी काच पुसत होता.

"या, लल्ला बतूल, या! आज तुमचे पाय इकडे कसे वळले?"

"बसायला नाही आले. सांगायला आले. निळ्या किनारींचं एक कापड लिलावात निघालंय."

"कुठलं बरं? रोज शंभर निघतात."

"उपास आहे तुमचा, सी अब्दन्नबी. खोटं बोललात तर दिवस फुकट जाईल."

तो हसला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याला कापडाची पारख होती आणि कात्रीची दया नव्हती, इतकेच. "बरं, पाहिलंय. सुरेख आहे. किनारी वेगवेगळ्या आहेत, मधे मोकळी जागा आहे, कापायला सोपं. चाळीस चौकटी सहज होतील."

"ते माझ्या मुअल्लमांचं कापड आहे. त्यावरून मुली शिकायच्या."

"शिकायच्या," तो सौम्यपणे म्हणाला. "आता कोण शिकतंय, लल्ला? मी निदान भिंतीवर तरी लावतो."

"मी त्यावर बोली लावणार आहे. शेवटच्या सेकंदांना, तुमच्यासारखीच. आणि माझा आकडा नऊशे सत्तर आहे. त्यापुढे माझ्यापाशी एक युरो नाही."

सी मफद्दलचा एक डोळा उघडला.

सी अब्दन्नबीने फडके खाली ठेवले. मग त्याला हसू आवरेना. "ऐकलंत का, सी मफद्दल? नऊशे सत्तर! अहो लल्ला, तीस वर्षं या चढावर बसलोय मी. इथे खरा आकडा कुणी आपल्या बायकोलासुद्धा सांगत नाही."

"मी तुमची बायको नाही."

"नशीब माझं! म्हणजे बेत असा, की नऊशे सत्तर ऐकून मी घाबरावं आणि घरी बसावं. चांगला आहे. तरुणपणी मीही केलाय."

"बेत नाही. आकडा आहे."

"मग घ्या देवाची शपथ."

"शपथ खोटं बोलणाऱ्याला लागते. मी सांगितलं, दोघांनी ऐकलं. निघाले."

"थांबा हो! कापड आलं की कापायच्या आधी तुम्हाला फोटो काढू देईन. माझ्याकडून रमदानची भेट."

बतूल पायरीवरून वळली. "फोटोवर बोट फिरवलं तर काच लागते, सी अब्दन्नबी. तुम्हाला सवय आहे. आम्हाला नाही."

ती चढ उतरू लागली. जे बोलायचे ते बोलून झाले होते, आणि आता ते परत घेता येणार नव्हते. त्याने मानले असेल तर कापड आजच गेले. पुढचे पाच दिवस ती कोथिंबीर चिरताना, हरभरे सोलताना हेच मोजीत राहिली. रहीमो तिच्याशी कामापुरते बोले आणि भांडी गरजेपेक्षा मोठ्याने ठेवी.

मुदतीचा दिवस उजाडला, रमदानचा बारावा. लिलावगृहाच्या पानावर वेळ दिली होती सात वाजून अठ्ठावीस मिनिटे आणि तीस सेकंद. बतूलने ती भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती. सगळे मनाजोगे जमत होते. त्या दिवशी सूर्य सहा अठ्ठावीसला मावळत होता. उपास सोडायचा, नमाज करायचा, हरीऱ्याचा वाडगा रिता करायचा आणि मग पोटात ऊब घेऊन स्वस्थपणे माडीवर बसायचे.

सहा वाजून चार मिनिटांनी रहीमोने हात पुसून, आणखी कोणी बोली वाढवली का हे पाहण्यासाठी सहज पान उघडले. एक अनोळखी हौशी मनुष्य तीनशे दहावर आला होता. त्याखालची ओळ तिने वाचली, आणि मग मोठ्याने वाचली.

"उरलेला वेळ, चोवीस मिनिटं."

"तास म्हण."

"मिनिटं, लल्ला! चोवीस मिनिटं!"

बतूलने भिंतीवरच्या खडूकडे पाहिले आणि तिला आपली चूक कळली. हिवाळ्यात फेसचे आणि त्या गावाचे घड्याळ एकच असते; सारी जुनी बोलणी, सारे आधीचे लिलाव तिने त्याच घड्याळावर केले होते. पण रमदान लागला की सरकार इथले काटे तासभर मागे नेते, उपास लवकर सुटावा म्हणून. आणि त्या गावाला रमदान नव्हता. तिथले सात अठ्ठावीस म्हणजे इथले सहा अठ्ठावीस. ज्या मिनिटाला सगळे शहर खजुराकडे हात नेणार होते, त्याच मिनिटाला लिलाव मिटणार होता.

"गच्चीवर," बतूल म्हणाली.

जुन्या घराच्या जाड भिंतींत मोबाइलला खालच्या मजल्यावर धड श्वासही घेता येत नसे. रहीमोने हरीऱ्याखालचा गॅस बारीक केला, कार्ड खिशात टाकले, खजुरांची थाळी एका हातावर तोलली, आणि दोघी जिने चढू लागल्या. बाकीच्या बायका आपापल्या घरी उपास सोडायला गेल्या होत्या. बा जिलाली तेवढे खाली अंगणात, कारण त्यांच्या घरी आता वाट पाहणारे कोणी नव्हते.

"कुठे चाललात?" त्यांनी विचारले.

"बोली लावायला!" रहीमो वरून ओरडली. "भिंतीआडून नाही, बा, गच्चीवरून!"

गच्च्यांवर संध्याकाळ पिवळी पडली होती. शहरावर ती विशिष्ट शांतता उतरली होती, जी केवळ या महिन्यात आणि केवळ या घटकेला उतरते. वाहन नाही, हाक नाही, घराघरांत माणसे ताटांपुढे बसून कान देत असलेली. बतूल कठड्याला टेकून बसली. उपासाने तिचे ओठ सुकले होते. तिने तर्जनीने पान वर सरकवले. पान हलले नाही. पुन्हा सरकवले.

पंचेचाळीस वर्षे सुईचे डोके पेलून त्या बोटाचे टोक इतके निबर झाले होते, की मोबाइलला ते बोट वाटतच नसे. घाईत तिला याचाही विसर पडला होता.

"मी दाबते," रहीमो म्हणाली. "माझं बोट कोवळं आहे."

"नाही. शब्द मी दिलाय." बतूलने डावा हात पुढे घेतला. डाव्या हाताची करंगळी कधीच सुईखाली गेली नव्हती. करंगळीने पान मुकाट सरकले.

"दोन मिनिटं."

"आकडा भर. नऊ, सात, शून्य. पक्का करू नकोस. पक्कं करायच्या पानावर मिनिटभराहून जास्त थांबलं तर ते पुन्हा मागे जातं, आठवतंय ना? एक मिनिट उरलं की पहिली कळ."

रहीमोने आकडा भरला. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की शिवी, हे सांगणे कठीण होते. "अजून त्याची काही हालचाल नाही."

"चार सेकंदांवर होईल. आत्ता तो बायकामुलांत बसला असेल. त्याचं यंत्र जागं आहे. यंत्राला भूक नसते."

पन्नास सेकंदे उरली तेव्हा बतूलने करंगळीने पहिली कळ दाबली. पक्का करण्याचे पान उघडले: नऊशे सत्तर युरो, आपली खात्री आहे काय? तिने करंगळी त्या प्रश्नावर अधांतरी धरली.

तीस उरली आणि उपास सुटल्याचा भोंगा झाला.

टेकडीवरून तोफ उडाली. मशिदीमशिदींतून अजान उठली आणि एकीत दुसरी मिसळली. चहूकडच्या घरांतून एकाच वेळी चमचे वाजले. रहीमोचा हात तिला न विचारता थाळीकडे गेला आणि खजूर तोंडात जाऊन पडला. तेव्हा कुठे तिला भान आले.

"बिस्मिल्ला म्हणा!" अंगणातून बा जिलालींचा फाटका आवाज आला. "खजूर टाका तोंडात, पोरींनो! उपास सोडायला उशीर करणं पुण्याचं नाही!"

"तोंडात आहे, बा!" रहीमो बीसकट बोलली. "लल्ला, तुम्ही? पाणी तरी घ्या!"

बतूलने मान हलवली. त्या कोलाहलात सेकंदांचे आकडे तिच्या डोळ्यांपुढे लहान होत गेले. त्यांच्याकडे पाहणे तिने सोडले, कारण पडद्यावरचा आकडा नेहमी किंचित मागून येतो हे ती दोन पराभवांत शिकली होती. भोंगा झाला त्या क्षणापासून तिने आपल्या हाताची लय धरली होती. सुई खाली, सुई वर, एक टाका दोन सेकंदांचा. या लयीत तिचा हात इतकी वर्षे चुकला नव्हता. ताप असताना नाही, नवरा गेला त्या आठवड्यातही नाही. अकरा टाके. बारा. अजानचा एक स्वर लांबला आणि त्याने तिची लय ओढून पाहिली. ती ओढली गेली नाही. बारा टाक्यांनंतर अर्धा टाका, सुई खाली: पंचवीस सेकंदे झाली, पाच उरली. करंगळी टेकली.

पडद्यावर एक चक्र फिरू लागले.

ते फिरत राहिले. रहीमोने खजुराची बी गिळली. बतूलच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, आणि ती कापडाविषयी नव्हती. त्याने मानले असेल का, एवढीच ती होती. त्याने मानले असेल तर तिच्यापुढे आता नऊशे ऐंशी उभे राहतील, आणि तरीही तिने चढावर जाऊन जे सांगितले ते खोटे ठरणार नव्हते.

चक्र थांबले.

"लिलाव संपला," रहीमोने वाचले. तिने मोबाइल बतूलच्या नाकापाशी नेला. सर्वांत उंच बोली तुमची. किंमत, सहाशे दहा.

"सहाशे दहा कसे?" बतूल म्हणाली. "मी तर नऊशे सत्तर सांगितले."

"अहो, दुसऱ्याच्या वर एक पायरी, तेवढेच घेतात! त्यानं सहाशे सांगून ठेवले होते. त्याच्यावर दहा." रहीमो कठड्याला धरून खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "सहाशे! लल्ला, त्यानं तुमचे तीनशे सत्तर कापून टाकले!"

बतूलला आनंदाच्या आधी संताप आला. "मला सहाशेची समजला तो."

मग तिने थाळीतला एक खजूर उचलला, देवाचे नाव घेतले आणि सावकाश चावून खाल्ला. खाली बा जिलाली विचारीत होते, काय झाले, कोणी काही सांगेल का, की म्हाताऱ्याने जिने चढून मरावे?

"आलं, बा!" ती कठड्यावरून वाकून म्हणाली. "तोंड दाखवून आलं!"

दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर सी अब्दन्नबी गल्लीत आला. साक्षीसाठी त्याने सी मफद्दललाही ओढून आणले होते. बा जिलाली उंबऱ्यावर होते. बतूल दारात आली, हातातली भरतकामाची चौकट तशीच घेऊन, रेशमाचा दोरा लोंबत असलेली.

"तुम्ही मला फसवलंत, लल्ला बतूल."

"काय सांगून?"

"खरं सांगून!" तो मनापासून दुखावला होता. "असं कुणी करतं? मी विचार केला, नऊशे सत्तर म्हणते म्हणजे बाईकडे पाचशे असतील. रागानं आणखी पन्नास आणील. सहाशे पुरेत. उभ्या बाजारात कुणालाही विचारा, माझा हिशेब चूक होता का?"

"हिशेब बरोबर होता," सी मफद्दल गंभीरपणे म्हणाला. "मी असतो तर साडेपाचशेच लावले असते."

बा जिलालींना खोकला आला. तो खोकला बराच वेळ चालला आणि त्यात हसण्याचा भाग मोठा होता.

"एक हजार देतो," सी अब्दन्नबी म्हणाला. "इथेच. रोख. तुमचे सहाशे दहा सुटतील आणि वर ईद होईल."

"नाही."

"बाराशे."

"तुम्ही बारा हजार म्हणा. त्या कापडावर आता बोटं फिरतील, फडकं नाही. अकरा किनारी अडकल्यात त्यात. सोडवायला मला दोन वर्षं लागतील, आणि तोवर मला मरायलाही सवड नाही."

"ठीक आहे!" त्याने आपला पायघोळ जलाबा झटकला. "या वेळी झालं. पुढच्या खेपेला तुम्ही आकडा सांगाल तो मी अक्षरशः मानीन आणि वर एक ठेवीन. मग बघू."

बतूल दारातच ताठ झाली. मागे जिन्यात रहीमो होती, तिने मुअल्लमांच्या पाठीचा ताठपणा ओळखला आणि पुटपुटली, "लल्ला, नको. लल्ला, ईदचे कपडे."

"पुढची खेप मंगळवारी आहे," बतूल म्हणाली. "त्याच लिलावगृहात तक्क्याची एक खोळ निघालीय, तुम्ही पाहिली असेलच. शेवटच्या सेकंदांना मी बोली लावणार. टपाल आणि त्यांचा कर जाऊन माझ्यापाशी दोनशे चाळीस उरतात. माझा आकडा दोनशे चाळीस. ऐकलंत, सी मफद्दल?"

"ऐकलं," सी मफद्दल म्हणाला.

सी अब्दन्नबीने तो आकडा मनाशी उलटसुलट केला. दोनशे चाळीस. मानावे, तर ही बाई या खेपेला प्रथमच खोटे बोलत असेल आणि चारशे घेऊन बसली असेल. न मानावे, तर कालच्यासारखेच होईल. निम्मे करावे? दुप्पट करावे? त्याने बोटांवर काही मोजण्यास आरंभ केला आणि मध्येच बोटे थांबली.

"हे खरं आहे का?" त्याने विचारले.

"तेही खरं होतं," बतूल म्हणाली, आणि जिना चढू लागली. वरून बायकांची गलबल ऐकू येत होती. सुरूच्या किनारीला पहिला टाका कोणी घालायचा यावरून कापड पोचण्याआधीच भांडण लागले होते.

सी अब्दन्नबी गल्लीत तसाच उभा होता. शेवटी तो उंबऱ्यापाशी वाकला. "बा जिलाली, तुम्ही या बाईला लहानपणापासून ओळखता. तुम्हीच सांगा, दोनशे चाळीस मानू की नको?"

"मी दलाल होतो, पोरा," बा जिलाली म्हणाले. "आकडा पुकारणं माझं काम. मानायचा की नाही, ते गिऱ्हाइकाचं."